एकाच पंपाचा हुकूम

"उद्या दुपारपर्यंत दोन्ही खड्डे एकाच पंपानं उपसले पाहिजेत! नाहीतर मिस्त्री, बिऱ्हाड उचला आणि संस्थानाच्या हद्दीबाहेर चालू पडा!"

कोंडगिरीच्या सुभानराव महाराजांचा हा हुकूम घेऊन रावबा मिस्त्री रडतच घरी आला. त्याच्या लेकीनं, चिमानं, सगळी हकिकत काढून घेतली.

राजवाड्याच्या तळघरात बारमाही पाणी पाझरे. ते एका खड्ड्यात साठे, पंप ते वर खेचून दरबारापुढच्या कारंज्यात सोडी, आणि रोज दरबाराआधी महाराज सर्वांसमक्ष त्यातलं ओंजळभर पाणी पीत. आता महाराजांनी हौसेनं तळघरातच विलायती संडास बांधला होता. त्याचा खड्डा गटारापेक्षा खोल, म्हणजे तोही पंपानंच उपसायचा. रावबानं दुसरा पंप मागितला. रुंद तोंडाचा, खड्ड्याला घट्ट झाकण, वास छपरावर नेणारी नळी, आणि गटाराकडे वेगळी वाट.

"नुसते चोचले!" महाराज कडाडले. "पाणी ते पाणी! आहे तो पंप काय शोभेला ठेवलाय?"

"त्याचं तोंड बारीक हाय, सरकार. जाळीत घाण अडकंल."

"मग जाळी काढा!"

राजेलोकांना यंत्रविद्या उपजतच येते, तिथं बिचाऱ्या मिस्त्रीचं काय चालणार?

"आबा, रडू नगा," चिमा म्हणाली. "हुकूम हाय न्हवं? मग पाळू की!"

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळा दरबार कारंज्याभोवती जमला. रावबाशेजारी चिमा पंप सुरू करायच्या कळीवर हात ठेवून उभी होती. आपल्या आबाचं बिऱ्हाड या हातावर आहे, हे तिला पुरतं ठाऊक होतं, पण चेहरा कसा साळसूद!

"सरकार, जाळी काढली. दोन्ही खड्डं एकाच पंपाला जोडलं. आता सरकारांनी ओंजळ धरावी, की मी कळ दाबते."

"बघितलंत मिस्त्री? मनात आणलं की होतं!" महाराजांनी ऐटीत ओंजळ पुढे केली.

"वाईच पुढं, सरकार. आज पाणी दाट येनार."

"दाट? ते का?"

"सरकारांच्या सासुरवाडीचं चौदा पाव्हणं आठ दिस तळघरातल्या संडासात जात हुतं. पंगती बी झ्याक झाल्या म्हनं!"

महाराजांचे हात झटक्यात मागे आले. "अगं, ते गटारात जाईल ना!"

"पंप एक, त्याची वाट बी एकच, अन् ती हितं येती. सरकारांच्या मुखात काय घालायचं आन् गटारात काय, ह्ये पंपाला कोन सांगनार?"

मानकऱ्यांनी उपरणी तोंडाशी धरली. हसू आवरायला की नाक झाकायला, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक!

"थांब! कळीवरचा हात काढ!"

"काढते की. पर मग सरकारांचा हुकूम मोडतोय. आबानं आजच हद्द सोडायची का उद्या?"

महाराज पोट धरून असे हसले की पागोटं वाकडं झालं. "मोड, पोरी, मोड! असला हुकूम आत्ताच्या आत्ता मोड!"

दुसरा पंप मागवण्याच्या कागदावर त्यांनी तिथंच सही ठोकली, हातातलं सोन्याचं कडं चिमाला दिलं, आणि राजवाड्यातले दोन्ही पंप तिच्या हवाली केले.