सोन्यावरचा अंगठा

एका टेकडीवर एक प्रयोगशाळा होती. डोळ्यांना दिसणार नाहीत एवढी लहान विजेची यंत्रे तिथे घडत. असले काम हाताने होत नाही. त्या यंत्रांचे भाग चिमट्यात धरण्याएवढेही मोठे नसतात.

म्हणून तिथली रीत वेगळी होती. काचेच्या पट्टीवर सोन्याचा पातळ थर चढवायचा. तो स्वच्छ करून द्रावणात बुडवायचा, झाकण लावायचे आणि बाजूला व्हायचे. द्रावणातल्या प्रत्येक रेणूचे एक टोक गंधकाचे असे. गंधकाला सोन्याची ओढ फार. रेणू आपणहून येत, ते टोक सोन्याला घट्ट धरत आणि शेतातल्या ज्वारीच्या ताटांसारखे दाटीने उभे राहत. ही झाली यंत्राची भिंत. भिंत अखंड असली, की वीज सांगितल्या वाटेने जाई. भोक पडले, की गळे.

सोने साफ करण्याचे काम मोरेश्वर पोतदारांकडे होते. घराणे सोनारांचे, हात नामी. पण वाडवडिलांची एक सवय त्यांना होती. काम संपले, की हातमोजा काढून ते सोन्यावरून अंगठा फिरवीत. शेवटचा अंगठा फिरल्याशिवाय त्यांच्या वडिलांनी एकही दागिना गिऱ्हाइकाला दिला नव्हता. उघडा हात लावू नये, असा प्रयोगशाळेचा नियम होता. तो नवख्यांसाठी आहे, असे पोतदार समजत.

त्या हंगामात यंत्रे आणखी बारीक झाली, आणि एकेक भिंत गळू लागली. प्रयोगशाळेच्या प्रमुख थत्तेबाईंनी सगळ्यांना बोलावले.

"सोन्याकडे बघूच नका," पोतदार म्हणाले. "चार पिढ्या सोनं धुतलंय आम्ही. द्रावणात घाण आहे."

द्रावण मंदाकिनी करी. ती म्हणाली, "भाऊ, मी ते गाळून घेते."

"दूधवालाही असंच सांगतो."

सगळे हसले. मंदाकिनी हसली नाही.

थत्तेबाई म्हणाल्या, "उद्याची पट्टीही गळाली, तर द्रावणाला मी दुसरं माणूस बघेन. मंदा, मग तुला द्यायला माझ्याकडे काम नाही."

दुसऱ्या दिवशी पोतदारांनीच पट्टी द्रावणातून काढली आणि धुऊन वाळवली. शेजारी पाणी उकळत होते. पट्टीवर वाफ बसली. जिथे रेणू उभे होते, तिथे ती एका तऱ्हेने बसली; जिथे नव्हते, तिथे दुसऱ्या तऱ्हेने. पट्टीच्या मधोमध एक लांबट गोल उमटला. त्यात रेघांच्या आत रेघा. त्यांना छेदून गेलेली एक तिरपी रेघ.

पोतदारांनी आपला अंगठा पाहिला. लहानपणी कानस लागून झालेला तिरपा व्रण तिथे होता. अंगठ्याचे तेल सोन्याला लागले होते, आणि तेवढ्या जागी रेणूंना पाय रोवता आले नव्हते.

खोलीत दुसरे कोणी नव्हते. वाफ विरत चालली होती. त्यांना खोटे बोलण्याचीही गरज नव्हती. नुसते गप्प बसायचे होते. पट्टी गळाली असती आणि मंदाकिनी घरी गेली असती.

आपल्या वडिलांनी पितळेला कधी सोने म्हटले नव्हते, हे त्यांना आठवले. त्यांनी पट्टी पुन्हा वाफेवर धरली.

"बाई, इकडे या. मंदाताई, तूही ये."

दोघी आल्या.

"हा अंगठा माझा," पोतदार म्हणाले. "द्रावण चोख आहे. मी बोललो ते चुकीचं होतं."

थत्तेबाईंनी पट्टी निरखून पाहिली. "भाऊ, सोनं तुम्ही उत्तमच धुतलंत. मग त्याच्यावर सही केलीत."

"पुसून काढतो."

"पुसू नका," मंदाकिनी म्हणाली. "नवी पट्टी घ्या. द्रावण देते."

पोतदारांनी नवी पट्टी धुतली. सोने झळझळले. सवयीने हात हातमोज्याकडे गेला. त्यांनी तो हात खिशात घातला, आणि दुसऱ्या हातातल्या चिमट्याने पट्टी द्रावणात सोडली. झाकण लावून ते बाजूला झाले. आत रेणू त्यांचे त्यांचे उभे राहत होते.

पट्टी बाहेर आली. मंदाकिनीने वीज सोडून पाहिली.

"गळत नाही, भाऊ."

"गळेल कशी?" पोतदार म्हणाले. "द्रावण कोणाचं आहे?"

तात्पर्य: जे आपणहून नीट उभे राहते, त्याला जागा स्वच्छ करून द्यावी आणि आपला हात मागे घ्यावा. आणि तो हात आड आलाच असेल, तर दुसऱ्यावर आळ जाण्याआधी तो आपला आहे, हे आपणच सांगावे.