श्वासाचा डाग

“...पण बाई, लोकांनी पाठवायचंच का बंद केलं?”

घोलप दमून स्टुलावर बसला होता. प्रयोगशाळा खानोलकरबाईंची, तालुक्याच्या कॉलेजातली. पदार्थावर प्रकाश टाकायचा, त्यातला किती शोषला गेला त्याचा आलेख काढायचा आणि त्यावरून पदार्थ ओळखायचा, हे त्याला बाईंनीच इथे शिकवलं होतं. त्या आलेखाला वर्णपट म्हणतात. आता घोलप मोठ्या संस्थेत होता. सगळ्या प्रयोगशाळांनी आपले वर्णपट एकत्र टाकावेत, कुणीही ते फुकट पाहावेत, असा संग्रह त्याने इंटरनेटवर उभा केला होता.

“संस्था म्हणते, नवीन काही येत नसेल तर बंद करा. बाई, नुसत्या लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या मी.”

बाई यंत्र पुसत होत्या.

“जे वर्णपट आले, त्यांचं काय केलंस?”

“संगणक तपासतो. श्वासाची खूण दिसली की परत.” एवढ्या दमणुकीतही त्याची मान ताठ झाली. “मोजणाऱ्याच्या श्वासातला वायू आलेखात उतरतो. माझ्या संग्रहात असा एकही डाग नाही.”

“फारच सोवळं आहे तुझं.”

“काटेकोर राहायला तुम्हीच शिकवलंत.”

“हो...”

बाई पुसत राहिल्या.

“माझेही परत आले,” त्या म्हणाल्या.

घोलप उठून उभा राहिला. “तुमचे? मला... मला ठाऊकच नव्हतं.”

“तुला कसं असणार? संगणकाने परत केले.”

त्याला फार ओशाळं वाटलं. तरी तोंडातून निघालंच, “पण बाई, खूण असेल तर...”

बाईंनी यंत्र सुरू केलं.

“रिकाम्याचा घे आधी.”

ही जुनी शिस्त. आधी काहीच न ठेवता मोजायचं, मग पदार्थ ठेवून. त्याने मोजलं.

“आता पुन्हा घे. आत काही ठेवू नकोस.”

“मग दिसणार काय? सरळ रेघ.”

बाई यंत्राच्या पदार्थ ठेवायच्या उघड्या खणावर वाकल्या. सकाळपासून तास घेऊन त्यांचा घसा बसला होता. त्यांनी एक लांब सुस्कारा सोडला.

पडद्यावरची रेघ हलली. एक टोक उंच वर आलं, आजूबाजूला बारीक काटे उठले.

“काय आहे हे?”

“श्वास.”

“कुणाचा?”

“तुमचा, बाई.”

“तुझा संगणक काय म्हणेल?”

“...परत.”

बाईंनी यंत्र बंद केलं.

“मग मी घेऊ तरी कुणाचे?” घोलपचा आवाज चिरकला. “सांगा ना.”

बाईंनी यंत्रावर कापड घातलं, पर्स उचलली. दारात क्षणभर थांबल्या.

“श्वास न घेता मोजणारं कुणी सापडलं, तर मलाही भेटव.”