सात बळींची खाण

पूर्वी दंतपूर नगरावर अरिंदम राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व पाथरवटाच्या घरी जन्मले. पुढे ते राजाच्या खाणीत शंभर पाथरवटांचे प्रमुख झाले.

खाणीत एक रीत होती. दगडाखाली माणूस मेला की खाणीचा अधिकारी उग्रक एक बोकड देई. प्रमुखाने तो डोंगरापुढे कापायचा. सगळ्यांनी जेवायचे आणि सकाळी कामाला लागायचे. ‘डोंगर भुकेला होता,’ असे लोक म्हणत. बोधिसत्त्वांनी स्वतःच्या हाताने सहा बोकड कापले होते.

सातव्या खेपेस त्यांचा धाकटा भाऊ नंदक मेला. बोकड आणला गेला. तेव्हा नंदकाची बायको सामा पुढे आली.

“दादा, सहा झाले. डोंगराचं पोट कधी भरायचं?”

बोधिसत्त्वांनी सुरी खाली ठेवली. ते खाणीत गेले आणि वर पाहून आले. जे सहा वेळा पाहायला हवे होते, ते त्यांनी त्या दिवशी पाहिले. बाहेर येऊन म्हणाले, “डोंगराला भूक नसते. आपण खालून पोखरतो, म्हणून वरचं पडतं. उद्यापासून काम बंद.”

उग्रक हसला. “काय रे म्हाताऱ्या, बोकड बघून हात थरथरला?”

“हात ठीक आहे. माझी अक्कल ठीक नव्हती.”

मागून एक पाथरवट पुटपुटला, “नंदक तर गेलाच, आता रस्साही गेला.” कोणी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी घण वाजला नाही. आठवडाभर वाजला नाही. घराघरांतले धान्य संपत आले. काही बायका बोधिसत्त्वांच्या दारात येऊन शिव्या देऊन गेल्या. त्यांनी ऐकून घेतल्या.

नव्या राजवाड्यासाठी जाणारा दगड थांबला, तेव्हा राजा स्वतः खाणीवर आला. उग्रक हात जोडून म्हणाला, “महाराज, डोंगर कोपला आहे. हा बळी देत नाही.”

बोधिसत्त्व म्हणाले, “महाराज, डोंगर वरून उतरत, पायऱ्या पायऱ्यांनी कापावा. त्याला दिवस जास्त लागतात. खालून पोखरला की दगड लवकर निघतो आणि वरचा भार माणसावर येतो. सात माणसं याच घाईनं मेली.”

“वाडा पावसाळ्याआधी व्हायला हवा,” राजा म्हणाला. “तुला एक गाव इनाम देतो. बोकड काप आणि काम सुरू कर.”

“गाव नको. महाराज, आज दुपारचं जेवण आमच्या कामाच्या जागेवर बसून घ्या. उग्रकांनाही बसवा.”

राजा खाणीत शिरला. वर घरापेक्षा मोठा दगड लोंबत होता आणि त्याच्या भेगेतून बारीक माती गळत होती. राजाने मागे वळून पाहिले. उग्रक उन्हातच उभा होता.

“ये,” राजा म्हणाला.

उग्रकाचे पाय हलले नाहीत.

राजा बाहेर आला. डोंगर वरूनच कापावा, लोंबता दगड आधी उतरवावा आणि तोवर पाथरवटांना राजाच्या कोठारातून धान्य मिळावे, अशी आज्ञा त्याने दिली. उग्रकाला दुसऱ्या खाणीवर पाठवले. शिक्षा झाली नाही. बोकड सोडून दिला.

बोधिसत्त्व त्यानंतर वीस वर्षे जगले. त्या खाणीत पुन्हा कोणी मेले नाही. पण सामाच्या दारासमोरून जाताना त्यांची मान कधी वर झाली नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, जेतवन विहारात सांगितली आणि ते म्हणाले, “भिक्षूंनो, त्या वेळचा उग्रक म्हणजे देवदत्त. राजा म्हणजे आनंद. सामा म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा. पाथरवटांचा प्रमुख मीच होतो. स्वतःची चूक कबूल करून जे बोलले जाते, ते सत्य. त्या जन्मी मी सत्याची पारमिता, बुद्धत्वाकडे नेणारा तो सद्गुण, पाळली, पण उशिरा.”

एका भिक्षूने विचारले, “भंते, मेलेले ते सात जण आज कोण आहेत?”



“ते आजही खाणीतच आहेत, कुठल्या ना कुठल्या लोंबत्या दगडाखाली,” शास्ते म्हणाले.