धाकू भोयाची पाठ

फार वर्षांपूर्वी, सोंडेच्या घाटात गाडीरस्ता नव्हता आणि माणसाला वर न्यायचं तर माणसाच्याच खांद्यावरून न्यावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी तळकोंड नावाचं गाव आहे. तिथे धाकू नावाचा भोई राहायचा. आजारी माणूस असो, बाळंतीण असो की गुडघे गेलेला म्हातारा, डोलीत बसवून चौघे भोई त्याला घाट चढवत, आणि त्या चौघांत पुढचा उजवा खांदा धाकूचा असे. त्याच्या डोलीत भरलेला तांब्या ठेवला तर वर पोचेपर्यंत पाण्याचा थेंब सांडत नसे, असं म्हणतात. कोण म्हणतात ते मला विचारू नका, सगळेच म्हणतात.

आता खिंडीतला रिवाज सांगायला हवा, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यावरूनच झाला. घाटमाथ्याच्या खिंडीत वाटजाई बसली आहे. तिला देऊळ नाही, छप्पर नाही, नुसती दगडांची रास. खिंड ओलांडणाऱ्याने पायथ्याच्या ओढ्यातला मुठीएवढा धोंडा बरोबर आणायचा आणि त्या राशीवर ठेवायचा, म्हणजे पुढची वाट ती सांभाळते. डोलीतल्या माणसाला काही खाली उतरता येत नाही, म्हणून त्याच्या नावाचा धोंडा भोयांपैकी कोणीतरी ठेवायचा. कोणी ठेवायचा हे मात्र कधी ठरलेलं नव्हतं.

त्या दिवशी डोलीत द्वारकी होती. गावातलीच पोर, लग्न होऊन घाटावर दिलेली, माहेरी आली आणि तापाने फणफणली. तिला घाटावरच्या वैद्यबुवांकडे न्यायचं होतं आणि भोई घाईत होते. खिंडीत चौघांनी आपापला धोंडा ठेवला. द्वारकीचा दुसऱ्या कोणीतरी ठेवला असेल, असं चौघांनाही वाटलं. खिंड ओलांडून दहा पावलंही झाली नसतील, तोच धाकूच्या पायाखालची दरड सुटली.

पुढे काय झालं ते आजवर कोणाला नीट सांगता आलेलं नाही. डोली कलंडली एवढं खरं. कोणी म्हणतं धाकूने डोली सोडली. कोणी म्हणतं सोडली नाही, तोच डोलीखाली आडवा झाला आणि द्वारकीसकट सगळा भार त्याने पाठीवर झेलला. द्वारकीचं मनगट मुरगळलं, बाकी ती ठीक होती आणि पुढे तिचा तापही उतरला. धाकूला मात्र त्याच डोलीत घालून खाली आणलं. आयुष्यभर दुसऱ्यांना वाहिलेला माणूस पहिल्यांदा डोलीत बसला, तोही पालथा.

वैद्यबुवा घाट उतरून आले. त्यांनी पाठ चाचपली आणि सांगितलं की पडून राहायचं, तांब्यासुद्धा उचलायचा नाही, वजनाने मोडलंय तेव्हा वजनाचं नाव काढायचं नाही. धाकू पडून राहिला. एक पावसाळा गेला, एक हिवाळा गेला. पाय काटकुळे झाले, दंड उतरले, कुशीवर वळायचं म्हटलं तरी जीव जाई. इतकं पडून राहिल्यावर पाठ बरी व्हायला हवी होती, ती आणखीच बिघडत का चालली हे त्याला कळेना. पुढच्या उजव्या खांद्यावर दुसरा भोई लागला होता. डोली वाहणाऱ्या भोयांचा हुंकार दारावरून गेला की धाकू भिंतीकडे तोंड करी आणि रडे. ती जागा गेली तर आपण कोण उरलो, हेच त्याला समजत नव्हतं.

शेवटी त्याची बायको येसू उठली आणि राघो गुरवाकडे कौल लावायला गेली. वाटजाईचा कौल असा असतो की राशीतला एक दगड गुरवाकडे असतो, त्याची दोन्ही अंगं ओली करून एकेक फूल चिकटवायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, की आई, धाकूने उठावं का? सगळे फुलांकडे डोळे लावून बसले. आणि दोन्ही फुलं एकदमच पडली.

गुरव घाबरला. त्याच्या बापाच्या वेळी असं झालं नव्हतं, आज्याच्या वेळीही नाही. पुन्हा लावली, पुन्हा दोन्ही एकदम. गुरवाने हात जोडले आणि पुढच्या अवसेला या म्हणाला. येसूने घरी येऊन झालं ते सांगितलं. धाकू आढ्याकडे बघत म्हणाला, "म्हंजे उठू का नको?"

"देवीलाच ठरवता येत न्हाय," येसू म्हणाली, "तर मला काय इचारताय? दोन्ही करा. एक दिस उठा, एक दिस पडा."

वैतागून बोलली होती बिचारी. पण धाकूला दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून त्याने तेच धरलं.

पडून पडून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. द्वारकीचा धोंडा राहिला, म्हणून हे झालं. चौघेही विसरले, मग पाठ माझीच का, याचं उत्तर काही मिळत नव्हतं. पण धोंडा राहिला तो राहिलाच. मुठीएवढा आता पुरायचा नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. जेवढा भार टाकला तेवढाच दगड खिंडीत न्यायचा. द्वारकीचा भार किती, हे भोयाच्या खांद्याला ठाऊक होतंच. तो नवस बोलला आणि उठायच्या पहिल्या दिवशी ओढ्यातला धोंडा मागवला. तो त्याला उचलेना. कुत्र्याला मारायला पोरं उचलतात तेवढा धोंडा, आणि धाकू भोयाला उचलेना.

मग येसूने सुपारीएवढा खडा आणून दिला. तो घेऊन धाकू उंबऱ्यापर्यंत गेला आणि परत आला. दुसऱ्या दिवशी पडून राहिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा उंबरा. सुपारी जमली तेव्हा लिंबाएवढा, लिंबू जमलं तेव्हा कवठाएवढा. नारळाएवढ्या दगडापाशी मात्र घोडं अडलं. वाकला की कळ येई, आणि कळ आली की तो दगडाला शिव्या घाली. येसू बाजूला भात कांडत होती. तिने मुसळ ठेवलं.

"दोन हंडे घिऊन मी रोज वढा चढते," ती म्हणाली. "कधी बघितलंय का मला कमरंत वाकताना? बसा. पोटाशी घ्या त्याला. आन् मांड्यांनी उठा. मांड्या काय शोभंच्या हायत?"

चाळीस वर्षं ओझी वाहणाऱ्या माणसाला बायकोने ओझं उचलायला शिकवलं, यावर गाव महिनाभर हसलं. धाकूला राग आला, पण तो बसला, दगड पोटाशी घेतला आणि उठला. कळ आली नाही. ती का आली नाही हे त्याला समजलं नाही, म्हणून त्याने दगड खाली ठेवून पुन्हा उचलून पाहिला.

असे दिवस गेले. दुखलं की एक दगड मागे यायचं, दोन दिवस नाही दुखलं की एक दगड पुढे जायचं, एवढाच हिशेब. अंगणात दगडांची ओळ लागली, सुपारीपासून जात्याच्या तळीपर्यंत. गावाचं डोकं चालेना. वजनाने मोडलेला माणूस वजनच उचलतो आहे आणि दिवसागणिक सरळ होतो आहे, हे काय गौडबंगाल? वैद्यबुवा पुन्हा आले, पाठ दाबून पाहिली, ओळीतले दगड एकेक करून पाहिले आणि न जेवता घाट चढून गेले. दगड रात्रीतून आपोआप वाढत, धाकूला नवा शोधावाच लागत नसे, असंही म्हणतात. येसूला कोणी विचारलं तर ती म्हणे, "मग माझं डोकं कशानं दुखायचं? आणत तर मीच हुते."

तीन होळ्या गेल्या आणि द्वारकीच्या भाराचा दगड धाकूने ओढ्यातून वेशीपर्यंत आणला. काळा, गुळगुळीत, टोपलीएवढा रुंद. तो खिंडीत न्यायचा दिवस ठरला आणि सगळं गाव गोळा झालं. द्वारकीही घाट उतरून आदल्या दिवशी आली होती.  तापाने वाळलेली ती पोर आता भरली होती, अंग धरलं होतं, कडेवर गुटगुटीत पोरगं होतं.

आता भार कोणता धरायचा? तेव्हाचा की आजचा? एक म्हणाला तेव्हाचा, कारण टाकलं तेव्हा. दुसरा म्हणाला आजचा, कारण देवी आज बघणार. तिसऱ्याने पोरगं मोजायचं का असं विचारलं आणि भांडण पेटलं. राघो गुरवाला कौल लावायला लावला. फुलं चिकटवली. ऊन डोक्यावर आलं, फुलं सुकून काळी पडली, पण एकही पडलं नाही. धाकू दगडापाशी उभा होता. तीन वर्षं ज्याच्यासाठी खपलो तो दगड बरोबर की चूक हेही कोणाला सांगता येऊ नये, हे त्याला सोसेना.

तेव्हा द्वारकी पुढे आली. "दगड ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मी हाय की हितं. डोली आणा. पुढचा उजवा खांदा धाकूदादाचा आसंल तरच मी बसंन."

 तीन वर्षं त्या जागी चालणारा भोई स्वतःच बाजूला झाला. द्वारकी पोराला घेऊन डोलीत बसली. धाकूने मांड्या मोडल्या, दांडा खांद्याला लावला आणि तो उठला. डोली उठली. येसूने पदर तोंडाला लावला आणि ती मोठ्याने रडली.

त्या दिवशी घाट चढताना डोलीतला तांब्या डुचमळला नाही, असं म्हणतात. उरलेले तिघे भोई मरेपर्यंत सांगत, की आमच्या खांद्यावर काही आलंच नाही, आम्ही नुसते दांड्याला धरून चालत होतो. मग सगळा भार एकट्या धाकूने वाहिला, की वाटजाईने, की तिघे लाजून तसं बोलत, देव जाणे.

खिंडीत डोली टेकली आणि द्वारकी आपल्या पायांनी उतरली. तिने ओढ्यातला मुठीएवढा धोंडा ओटीत आणला होता. तो तिने स्वतः राशीवर ठेवला. मग धाकूने तिच्या नावाचा एक ठेवला. बाकीच्या तिघांनीही, एकमेकांना न विचारता, तिच्या नावाचा एकेक ठेवला. धाकू राशीपाशी थांबला. तीन वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्याने तेव्हा विचारली.

"द्वारके, त्या दिशी म्या तुला टाकलं का गं?"

 "मला काय ठावं, धाकूदादा?" ती म्हणाली. "म्या डोळं मिटले हुते. उघडले तवा तुझ्या पाठीवर हुते."

धाकू खाली बसला. मग उठला, पुन्हा दांडा खांद्याला लावला, आणि तेव्हा दहा पावलांपाशी राहिलेली वाट त्याने पुरी केली.

आज घाटात डांबरी रस्ता आहे. तरी खिंडीत गाडी थांबते. प्रत्येक जण दोन धोंडे ठेवतो, एक आपला आणि एक शेजारी बसलेल्याचा. त्याने स्वतःचा ठेवला का, हे विचारायचं नाही. नवी जोडपी एकमेकांचा ठेवतात, अनोळखी माणसं अनोळखी माणसांचा ठेवतात, ड्रायव्हर सगळ्या गाडीच्या नावाचा एक जादा ठेवतो. रास इतकी वाढली आहे की तिच्यात मूळची रास कोणती हे कोणाला ओळखता येत नाही.

धाकूचा काळा दगड तळकोंडच्या वेशीवरच आहे. तो बरोबर होता की नाही, यावरून गावात अजून भांडणं होतात. कोणाची पाठ धरली की घरची बाई त्या दगडापाशी जाऊन सुपारीएवढा खडा आणते आणि त्याच्या हातात देते. एक दिवस उंबऱ्यापर्यंत, एक दिवस पडून. एक दिवसाआड का, असं एखाद्या शिकलेल्या पाहुण्याने विचारलं, तर तळकोंडची माणसं एकमेकांकडे बघतात आणि सांगतात, "दोन्ही फुलं पडली हुती."