शेपूट कुणाचं?

म्हशी बोलायच्या, पण त्यांना कुणी काही विचारायचं नाही, त्या काळातली गोष्ट. एका म्हशीच्या पाठीवर बगळे आणि साळुंक्या राहायच्या. शेपटाकडच्या साळुंक्यांना प्रत्येक गोचीड खायला बगळ्यांची परवानगी लागायची. साळुंक्यांची पिल्लं उपाशी राहायची.

"शेपटाचा कारभार आमचा आम्ही बघू," साळुंकीबाई म्हणाली.

"म्हैस अखंड आहे!" बगळेराव ओरडले. "एक केससुद्धा देणार नाही!"

साळुंक्यांनी शिटून सीमा आखली. बगळ्यांनी त्यावर शिटून ती पुसली. सीमा फक्त रुंद झाली.

तेवढ्यात खालून आवाज आला, "शेपूट मला मिळेल का?"

"तू कोण गं?"

"मी म्हैस. इथे खालीच असते."

दोघांनाही हे नवीनच होतं. समोरच्यांना मिळण्यापेक्षा हिला मिळालेलं बरं, म्हणून दोघांनी आनंदाने होकार दिला. म्हशीने शेपूट लगेच वापरून बघितलं. बगळेराव आणि साळुंकीबाई एकदमच मानेवर जाऊन आदळले.

मानेवर गोचिडांची जत्रा भरली होती आणि तिथे अजून कुणीच हक्क सांगितला नव्हता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग पहिल्यांदाच खाली वाकून विचारलं, "म्हैसताई, खाऊ का?"

"खा की! पिल्लांनाही बोलवा. कधीची तिथेच खाजतंय!"