कशावरून तू नाकुली?

परसात, दगडी भिंतीच्या कडेला, एक चिचुंद्री राहते.

नाक मुरडू नका हं! हो, तिला वास येतो. येतोच मुळी! तिला तो आवडतो. तुम्हाला काय करायचंय?

या चिचुंद्रीला एक बाळ. नाव नाकुली. डोळे बारीक, दिसतं कमी. नाक लांब, कळतं सगळं.

आज नाकुली पहिल्यांदाच बाहेर निघाली. आईबरोबर. चिचुंद्रीची रीत ठरलेली असते. आई पुढं, बाळ मागं, आणि बाळाच्या तोंडात आईची शेपटी.

तुरु तुरु. तुरु तुरु.

आई थांबली. नाकुली थांबली.

"हुंग बाळा," आई म्हणाली. "ही ओली माती. हा किडा, हा खायचा. आणि हा मुंगळा. ह्याच्या नादी लागायचं नाही."

सूं सूं सूं! नाकुलीनं सगळं हुंगलं. काय मज्जा! किती किती वास!

तुरु तुरु. तुरु तुरु.

तेवढ्यात नाकुलीला आली शिंक. आता शेपटी तोंडात धरून कुणाला शिंकता येतं का?

फिस्स!

शेपटी सुटली. नाकुलीनं घाईघाईनं पुन्हा धरली. घट्ट धरली. पण आई काही चालेना.

"आई, चल ना गं!"

आई हलेना.

सूं सूं सूं. हिरवा वास? अगं बाई! ही कुठली शेपटी? हा तर दुधीच्या वेलाचा शेंडा!

आई केव्हाच बिळात शिरली होती. तिला वाटलं, नाकुली मागंच आहे. आणि बिळाच्या तोंडाशी आली म्हैस. डुलत डुलत आली आणि तिथंच बसली.

धप्प!

आतून बारीक आवाज आला. "चुं चुं! नाकुलेऽऽ!"

मागं दगड, पुढं म्हैस. आई आत अडकली. नाकुली बाहेर राहिली. एकटी. तिला रडूच आलं. पण रडून म्हैस उठते का? नाही उठत.

नाकुली गेली म्हशीच्या कानापाशी. तुरु तुरु. तुरु तुरु.

"म्हशीबाई, म्हशीबाई,
आई सुटेना,
मी काय करू?
तुम्ही जरा उठा ना!"

म्हशीनं एक डोळा उघडला. एकच.

"कशावरून?" म्हैस म्हणाली. "कशावरून तुझी आई आत आहे? मी उठायचं, आणि तू माझी गार जागा पटकवायची. होय ना? समोर पेंड येऊ दे, मग उठते."

आणि शेपूट फटकारलं. सप्प! नाकुलीच्या अंगावर चिखलच चिखल.

पेंड कुणाकडं? गजराकाकीकडं. काकी राखेनं भांडी घासत होती. खसा खसा. नाकुली गेली. तुरु तुरु. तुरु तुरु.

"काकी, काकी,
म्हैस उठेना,
आई सुटेना,
मी काय करू?
तुम्ही पेंड द्या ना!"

काकीनं कमरेवर हात ठेवले.

"कशावरून गं? म्हैस आता तुझ्याकडून निरोप धाडायला लागली होय! मी जाते पेंड आणायला, आणि तू पळव अंडी. यात काहीतरी गोम आहे. माझी कोंबडी खुराड्यात जाऊ दे, मग देते."

आणि हात झटकले. फट् फट्! नाकुलीच्या अंगावर राखच राख.

कोंबडी मातीत लोळत होती. नाकुली गेली. तुरु तुरु. तुरु तुरु.

"कोंबडीताई, कोंबडीताई,
काकी देईना,
म्हैस उठेना,
आई सुटेना,
मी काय करू?
तुम्ही खुराड्यात जा ना!"

कोंबडीनं मान वाकडी केली.

"कशावरून? क्वाक्! कशावरून? खुराड्यात काहीतरी हलतंय. मी बघितलंय. आणि तू मला आतच पाठवतेस? दिसतेस मोठी साळसूद! कुत्र्याला आत बघू दे, मग जाते."

आणि पंख फडफडले. फड फड! नाकुलीच्या अंगावर धूळच धूळ.

कुत्रा झाडाखाली बसला होता. पायाखाली भाकरीचा तुकडा. नाकुली गेली. तुरु तुरु. तुरु तुरु.

"कुत्रेदादा, कुत्रेदादा,
कोंबडी जाईना,
काकी देईना,
म्हैस उठेना,
आई सुटेना,
मी काय करू?
तुम्ही खुराड्यात बघा ना!"

कुत्र्यानं भाकरीवर दुसरा पाय ठेवला.

"कशावरून? मी उठलो, की वरचा कावळा भाकरी नेणार. तुम्ही दोघं मिळालेले दिसताय! आधीच चोरून खाल्लीस का? दाखव तोंड. कावळा उडू दे, मग बघतो."

आणि तिला चाटून बघितलं. लप्प! नाकुलीच्या अंगावर लाळच लाळ.

कावळा बसला होता शेवग्यावर. नाकुलीनं मान वर केली. वर, आणखी वर.

"कावळेदादा, कावळेदादा,
कुत्रा बघेना,
कोंबडी जाईना,
काकी देईना,
म्हैस उठेना,
आई सुटेना,
मी काय करू?
तुम्ही जरा उडा ना!"

कावळ्यानं इकडं बघितलं. तिकडं बघितलं. पुन्हा इकडं बघितलं.

"काऽव! कशावरून? खालच्या फांदीवर बोका आहे. मी उडालो, की तो माझ्या घरट्यात. त्यानंच तुला धाडलंय, खरं सांग! बोका उतरू दे, मग उडतो."

आणि वरून काय पडलं, माहितीये? पच्च! नाकुलीच्या अंगावर शीटच शीट.

आता राहिला बोका. खालच्या फांदीवर. डोळे मिटलेले. अर्धेच मिटलेले हं! नाकुलीनं एक पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला. पण आई आत होती ना? नाकुली गेली. तुरु... तुरु... तुरु...

"बोकोबा, बोकोबा,
कावळा उडेना,
कुत्रा बघेना,
कोंबडी जाईना,
काकी देईना,
म्हैस उठेना,
आई सुटेना,
मी काय करू?
तुम्ही खाली उतरा ना!"

"अरेरे!" बोका म्हणाला. कसा म्हणाला? लोण्यासारखा मऊ. "अरेरे, बिचारी! उतरतो की. त्यात काय मोठंसं? तू जरा जवळ ये. आणखी जवळ. आणखी थोडी."

नाकुली एक पाऊल पुढं गेली.

आणि थांबली.

थांबा थांबा! म्हशीनं विचारलं, कशावरून? काकीनं विचारलं, कशावरून? कोंबडीनं, कुत्र्यानं, कावळ्यानं, सगळ्यांनी विचारलं. ह्या बोक्यानं काहीच विचारलं नाही. ह्याला सगळं लग्गेच पटलं?

सूं सूं सूं. बोक्याच्या मिशीला उंदराचा वास!

"कशावरून?" नाकुली म्हणाली. "कशावरून तू नुसता उतरणार?"

"अशावरून!" बोका म्हणाला, आणि त्यानं घेतली झेप.

नाकुली घाबरली. खूप घाबरली. आणि चिचुंद्री घाबरली, की काय होतं?

भस्सऽऽऽ!

वास! असा वास, असा वास, की विचारू नका!

"ई! शी! शी! शी!" बोका फिस्कारला, शिंकला आणि नाक घासत घासत कुंपणापार पळाला.

मग काय!

बोका उतरला. कावळा उडाला.
कावळा उडाला. कुत्र्यानं खुराड्यात बघितलं. आत कोण होतं? एक पीस! वाऱ्यानं हलत होतं.
"हात्तिच्या!" कोंबडी म्हणाली, आणि आत गेली.
कोंबडी गेली. काकीनं पेंड दिली. घमेलं भरून दिली.
काकीनं दिली. म्हैस उठली.
म्हैस उठली. बीळ मोकळं झालं!

नाकुली धावली. तुरु तुरु तुरु तुरु!

"आई! आई गं! मी आले!"

बिळातून नाक बाहेर आलं. लांब नाक. आईचंच नाक.

सूं सूं सूं.

आई मागं सरली.

"कोण तू?"

"आई, मी नाकुली!"

"कशावरून?" आई म्हणाली. "कशावरून तू नाकुली? तुला येतो कावळ्याचा वास. तुला येतो कुत्र्याचा वास. कोंबडीचा, काकीचा, म्हशीचा वास! माझ्या नाकुलीला असला वास नाही येत. माझं बाळ बाहेर एकटं आहे. सर बाजूला, मला त्याला शोधायचंय!"

आता हो काय करायचं? सगळे उठले, उडाले, गेले. आणि आईच ओळखेना!

नाकुली तिथंच बसली. "आई," ती म्हणाली, "मी दमले गं."

आई थांबली. आवाज तर ओळखीचा. पण नुसत्या आवाजावर कसा विश्वास ठेवायचा? ती हळूच पुढं आली. तिनं जीभ बाहेर काढली.

चाट! शीट गेली.
चाट! लाळ गेली.
चाट! धूळ गेली.
चाट! राख गेली.
चाट चाट चाट! चिखल गेला. चिखल जरा जास्तच होता.

आणि मग, सगळ्याच्या खालून, हळूच आला एक वास. बोका ज्याला भिऊन पळाला, तोच!

सूं सूं सूं.

"घाण!" आई म्हणाली. "घाण गं, घाण! बाई गं, किती घाण! माझंच बाळ!"

आणि आईनं नाकुलीला असं कुशीत ओढलं, असं कुशीत ओढलं, की तिचं नुसतं नाक बाहेर राहिलं.

"तू आत होतीस, मी बाहेर होते," नाकुली म्हणाली. "मला नाही आवडलं."

"मलापण नाही आवडलं," आई म्हणाली. "चल, शेपटी धर."

नाकुलीनं आधी ती हुंगली. नीट हुंगली. मगच धरली.

तुरु तुरु. तुरु तुरु.

चिचुंद्री घरी,
नाकुली घरी,
पांघरूण घ्या बघू अंगावरी!