बुरूडआळीचा बंब

बुरूडआळीनं आग विझवायला बंब मागितला आणि सरकारातून आला तो अंघोळीचा.

बैलगाडीत बसून, पुढं वाजंत्री लावून आला. तांब्याचा, घासूनपुसून लखलखीत, पोटात निखारे घालायची नळी, खाली पितळी तोटी. आळी बघतच राहिली. गेल्या शिमग्याला एक ठिणगी उडाली आणि सुपं-टोपल्यांसकट चार झोपड्यांची राख झाली होती. बांबूचीच आळी ती, पेटायला कितीसा वेळ! म्हणून तर त्यांनी नगर-बंदोबस्त मंडळाकडे चाकांवरचा, दांडा मारून पाणी उडवणारा बंब मागितला होता. हा जो आला होता त्याच्यानं आग विझणं लांबच राहिलं, पोटात आग घातल्याशिवाय तो कामच करत नव्हता.

झालं होतं असं. मंडळाचे अध्यक्ष खुद्द राजेसाहेब. बाकीचे सभासद माना डोलवायला. बुरुडांचा अर्ज आला तेव्हा मंडळानं आधी तासभर चर्चा केली, की पुढची आग कधी लागणार हे आळीनं अगोदर कळवावं, म्हणजे सभासदांना वेळेवर हजर राहता येईल. शेवटी राजेसाहेब कंटाळले आणि म्हणाले, देऊन टाका बंब. आता संस्थानात बंब होता एकच, राजेसाहेबांच्या न्हाणीघरातला. कोठीवाल्यानं हुकूम पाळला.

चूक सगळ्यांना कळली, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? राजेसाहेबांकडून चूक होत नसे. दिलेलं ते परतही घेत नसत. तेव्हा ऐन पौषात त्यांनी गार पाण्यानं अंघोळ सुरू केली आणि गार पाण्यानं बुद्धी तल्लख होते असं जाहीर केलं. मग सभासदांनाही तल्लख होणं भाग पडलं. मंडळाच्या बैठकीत ठरावांपेक्षा शिंका जास्त होऊ लागल्या. राजेसाहेबांचं डोकं तर असं फिरलेलं, की पानाला चुना कमी लागला तरी ते ओरडत, "आमच्या तळपायाची आग मस्तकात गेली!"

अशा बैठकीत बुरुडांचा म्होरक्या गणूजी आपल्या सुनेला, ठकूला, घेऊन गेला. गणूजी नुसतेच मुजरे करत राहिला. ठकूनं पदर सावरला आणि सरळ सांगून टाकलं की ह्यो बंब न्हाणीचा हाय.

सभेत शिंकसुद्धा आली नाही.

"बंब मागितलात, बंब दिला," राजेसाहेब म्हणाले. "आता आमच्या बंबात खोट काढता? आठ दिवसांत याच बंबानं एक तरी आग विझवून दाखवा. नाही जमलं तर सगळी आळी उठवून नदीपलीकडच्या माळावर नेऊ. मग शहराला आगीची भीती नको आणि तुम्हाला बंबही नको."

कारभारी तात्यासाहेबांनी, एका दगडात दोन पक्षी मारले सरकारनी, असं म्हणून मान डोलावली.

त्या माळावर ना पाणी, ना गिऱ्हाईक. आळीतल्या पोरांनी पेंढ्याचा ढीग पेटवून बंबाची तोटी सोडून पाहिली. करंगळीएवढी धार पडली आणि तेवढ्यात त्या जाळावर कोणीतरी कांदा भाजून घेतला. ठकू मात्र बंबासमोर गुडघ्यात मान घालून बसली होती. राजाचं ते लालबुंद तोंड काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना. मग एकाएकी ती हसायलाच लागली. सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, पेंढा ऱ्हाऊ द्या. बांबूच्या ढलप्या आणा. चांगल्या वाळल्याल्या."

ठरल्या दिवशी राजेसाहेब सकाळीच आळीत उतरले. अंगावर दोन शाली, नाक लाल. पाहतात तर विझवण्याजोगी आग कुठंच नाही. फक्त बंब तेवढा धूर सोडत घुमत होता.

तात्यासाहेबांना तेवढंच हवं होतं. "सरकार, विझवा म्हणून सांगितलं, तर यांनी पेटवून ठेवली!"

राजेसाहेबांनी बंबाकडे पाहिलं. आपला बंब, आपली वाफ, आणि दुसऱ्याच्या दारात! त्यांचा आवाज आळीच्या टोकापर्यंत गेला, "आमच्या तळपायाची आग मस्तकात गेली!"

ठकूनं हात जोडले. "समद्यांनी ऐकलं न्हवं? मग बसा म्हाराज हितं पाटावर. आग मस्तकात गेली आसंल, पर लागली तळपायालाच. ती बुडाशीच इझवाया लागती."

राजेसाहेब काही म्हणायच्या आत तिनं घंगाळ पुढं सरकवलं आणि तोटी सोडली. राजेसाहेब पाटावर टेकले, पाय पाण्यात गेले. तात्यासाहेबांनी तोंड उघडलं, पण राजेसाहेबांनी हातानंच त्यांना गप्प केलं. हळूहळू त्यांचे डोळे मिटले. ताठ मिशा ओल्या होऊन खाली आल्या. एक शाल गळून पडली, तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ठकू तांब्यानं घोट्यांवर पाणी ओतत राहिली. सबंध आळीचं घरदार त्या घंगाळात होतं.

"इझली का म्हाराज आग?"

"आहाहा... विझली."

"कशानं इझली?"

राजेसाहेबांनी डोळे उघडले. समोर बंब. त्यांनी बंबाकडे पाहिलं, ठकूकडे पाहिलं, आणि असे गदगदून हसले की घंगाळातलं पाणी तात्यासाहेबांच्या धोतरावर उडालं. "बंबानं! बाई, तुझ्या बंबानंच विझवली!"

आळी जागची हलणार नाही असं त्यांनी तिथंच सांगितलं आणि हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूला दिलं. पण उठायचं काही नाव घेईनात. बंबाकडे बघत पुटपुटले, "दिलेलं काही आम्ही परत घेत नाही."

"नगाच घिऊ म्हाराज," ठकू म्हणाली. "आमीच बदलून मागतो. बंबाला बंब द्या, म्हंजी कुनाचीच चूक न्हाई."

राजेसाहेब पुन्हा हसू लागले. पाय घंगाळातून न काढताच त्यांनी कारभाऱ्यांना जवळ बोलावलं.

"तात्या, आजच्या आज यांच्यासाठी बंब मागवा. आणि या खेपेला आधी त्याला चाकं आहेत का बघा."